दसऱ्याला नाक, संक्रांतीला छाती: सायकलवाल्याच्या ॲलर्जीचा माग कसा काढला

सायकलला कटकट आवाज यायला लागला की पहिला संशय बीबीवर, म्हणजे पॅडलचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर. बीबी बदलायची, हजारभर रुपये घालवायचे, आवाज आहे तसाच. मग कोणतरी म्हणतं सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून पूस, जरा ग्रीस लाव, आणि आवाज बंद. माझ्या नाकाचं सेम असंच झालं, फक्त बीबी बदलण्यात माझी तीन वर्षं गेली. ज्यांचं दरवर्षी हेच होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

प्रॉब्लेम असा. आठवड्यातनं चार दिवस सायकल, शनिवार-रविवार लांब, म्हणजे कोल्हापुरातनं पन्हाळा नाहीतर गगनबावडा रोडनं कळ्यापर्यंत, कधी राधानगरी रोड. पावसाळाभर ठणठणीत असतो. दसरा आला की राईडवरनं परत आल्यावर शिंका, एका दमात दहा-बारा, डोळ्यांना खाज, टाळूला खाज (जिभेनं टाळू खरवडायची सवयच लागलीय, बायको म्हणते बोका दूध पितोय असा आवाज येतो), नाकातनं नुसतं पाणी आणि रात्री नाक गच्च. हे नोव्हेंबर संपेपर्यंत. डिसेंबरात जरा बरं वाटतं न वाटतं तोवर संक्रांतीच्या आसपास दुसरा अंक चालू, पण तेव्हा शिंका कमी आणि खोकला जास्त, घशात खवखव, छातीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं. मार्च संपला की गायब. पुढच्या दसऱ्याला परत दारात हजर, मंडळाची वर्गणी मागायला आल्यासारखं.

पहिली तीन वर्षं मी काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही पण तेच करत असणार. आई म्हणाली थंडी बाधतीय, म्हणून कानटोपी आणि सुंठीचा काढा. आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणाले उसाला तुरे आलेत त्यानं होतंय. शेजारच्यांनी दारातल्या गुलमोहराकडं बोट दाखवलं. त्या बिचाऱ्या गुलमोहराला उगाच शिव्या बसल्या, तो फुलतो एप्रिल-मे मध्ये, माझं नाक वाहतंय ऑक्टोबरात! आणि तसंही ज्या झाडाची फुलं मोठी, रंगीत असतात त्याचे परागकण जड, चिकट असतात, ते किडे-पाखरं घेऊन जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. त्रास देतात ती गवतं आणि तण, ज्यांचं फूल फूल म्हणून आपल्या लक्षात पण येत नाही, कारण त्यांना कुणाला बोलवायचंच नसतं, वाऱ्यावर लाखांनी कण सोडून द्यायचे, एखादा तरी लागेल जागेवर. तर जे फूल डोळ्यात भरतंय ते सहसा नाकात शिरत नाही, हे पहिलं लक्षात ठेवा.

आणि मग मेडिकलवाला. "दादा, हे थेंब घाला, दोन मिनटात मोकळं." खरंच दोन मिनटात मोकळं झालं. त्या थेंबांनी पुढं काय केलं ते खाली येतंय.

आधी सर्दी की ॲलर्जी ते ठरवा. साधी सर्दी आठ-दहा दिवसात आपल्या पायानं जाते, अंग दुखतं, कणकण येते, शेंबूड दोन-चार दिवसात घट्ट होतो. ॲलर्जीत ताप नाही, पाणी पातळ आणि स्वच्छ, खाज मात्र हमखास, नाकाला, डोळ्याला, टाळूला, कधी कानात आत. खाज नसेल तर जरा थांबून विचार करा. आणि तीन आठवडे चाललेली "सर्दी" ही सर्दी नसते, दुसरं काहीतरी असतं.

आता सायकलवाल्यालाच एवढं का होतं, माझा भाऊ त्याच रस्त्यानं बुलेटवरनं रोज जातो, त्याला काही नाही. साधं गणित आहे. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा चढ चढताना तुम्ही आरामात साठ लिटरवर असता, जोर लावला तर त्याच्याही वर. दोन तासात झाली सात हजार लिटरवर हवा, घरात बसलेल्याची एक हजार पण नाही. वर साधारण पस्तीस-चाळीस लिटरच्या पुढं गेलं की आपण आपोआप तोंडानं श्वास घ्यायला लागतो, म्हणजे नाकातले केस, ओलावा, गाळणी, सगळं बायपास. तुम्ही स्वतःच एक व्हॅक्यूम क्लीनर होता आणि शेताच्या कडंकडंनं फिरता.

डायरी

मला उजेड पडला तो एका पंक्चरमुळं. २०२१ चा ऑक्टोबर, रविवार, शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाट्याच्या पुढं मागचं चाक बसलं. सायकल रस्त्याच्या कडंला उलटी केली आणि मी खाली मांडी घालून बसलो, टायर काढला, ट्यूब काढली, काटा शोधायला बोटं आतनं फिरवतोय. बसलतो कशात तर कमरेएवढ्या गाजर गवतात, सगळीकडं ती बारीक पांढरी फुलं, आपल्याकडं काँग्रेस म्हणतात ते. त्याला हात लागला की बोटांवर किंचित पिवळट भुकटी येते, तीच ग्लोव्हजवर. आणि आपल्या सायकलच्या ग्लोव्हजला अंगठ्यावर जो टॉवेलसारखा कपडा असतो तो कशासाठी, घाम आणि नाक पुसायला. मी पुसलं. डोळा पण पुसला. केर्लीपर्यंत जाईतोवर डावा डोळा भजी झाली, उजव्यातनं पाणी, कसाबसा एका हॉटेलात थांबून तोंड धुतलं, मालक म्हणतोय "काय वो, मधमाशी चावली काय?"

त्या दिवशी परत येताना डोक्यात आलं की आपण आवाज कुठनं येतोय ते ऐकतच नाही, नुसते पार्ट बदलत सुटलोय. मेकॅनिक काय करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि ऐकतो. म्हणून कामावरची एक जुनी डायरी घेतली आणि रोज लिहायला लागलो: किती वाजता निघालो, कुठला रोड, दव होतं की कोरडं, वारा होता का, कुठं काय जळत होतं, गोळी घेतली का, आणि नाक-डोळे-छाती प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. संध्याकाळी आणि रात्री झोपताना परत मार्क. एवढंच, दोन मिनटांचं काम. मोबाईलमधल्या हवेच्या ॲपवर विसंबू नका, तो एक्यूआय धूळ-धूर-गॅसचा असतो, परागकण त्यात मोजतच नाहीत, आकडा हिरवा आणि नाक धो धो असं बिनधास्त होऊ शकतं.

मार्च संपेपर्यंत जे दिसलं ते बघून मीच गार पडलो. माझ्याकडं एक आजार नव्हता, तीन होते, एकावर एक बसलेले. म्हणूनच काहीच लागू पडत नव्हतं, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवत होता.

पहिला: गवत आणि काँग्रेस

पाऊस उघडला की माळावरचं, बांधावरचं गवत एकदम फुलोऱ्यात येतं, आणि गाजर गवत तर बारा महिने जिथं ओल मिळंल तिथं, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर त्याचा कहर. हे आपलं नाहीच, अमेरिकेतनं आलेलं, भारतात त्याची ओळख पटली ती १९५० च्या दशकात, तीही पुण्यात. एका झाडाला हजारो बिया, उगवल्यापासनं महिना-दीड महिन्यात फुलावर. रस्ता रुंद केला, मुरूम टाकला, माती उकरली की पहिलं हे येतं, म्हणून नवीन बायपास, मोकळे प्लॉट, कॅनॉलच्या कडा, जिथं जिथं आपण सायकल घेऊन पळतो तिथंच हे. परागकण नाकाला त्रास देतातच, वर नुसत्या झाडाला अंग घासलं तरी कातडीला खाज, चट्टे, तो वेगळा खेळ आहे. शेतात, परड्यात उपटणार असाल तर ग्लोव्हज घालून, फूल यायच्या आधी. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो, तारीख अगदी बरोबर धरलीय, त्या आठवड्यात उपटलं तर दसऱ्याला नाक तुम्हाला दुवा देईल. आमच्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवरचं आम्ही पोरं घेऊन दोन वर्षं काढतोय, फरक आहे.

डायरीत काय दिसलं, तर दव असलेल्या सकाळी सहाला निघून साडेसातपर्यंत परत आलो की नाकाला दोन मार्क. तोच रोड साडेआठ-नऊला, ऊन पडलेलं, दव वाळलेलं, वारा सुटलेला, तर पाच. ओलं असेपर्यंत कण बसून असतात, वाळलं की उडतात. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जवळजवळ शून्य. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जेवढं लवकर जाल तेवढं बरं.

रोडप्रमाणं पण फरक. रंकाळ्याला चकरा मारल्या तर कमी, शहरातनं युनिव्हर्सिटी रोडला मध्यम, वडणगे-केर्ली पट्टा सगळ्यात वाईट. तुमचा पट्टा दुसरा असंल, माझं घेऊ नका.

दुसरा: धूर

आता जानेवारी. मी आपला शहाणपणानं पहाटे सहाला निघतोय, कारण नोव्हेंबरात तेच शिकलतो ना. आणि छाती पाचावर.

आपल्याकडं गुऱ्हाळं चालू असतात, कारखान्यांचा हंगाम जोरात, ऊस तुटलेल्या रानात पाला पेटवलेला. गुऱ्हाळघरावर पहाटे कधी थांबला असाल तर माहितीय, काहिलीत रस उकळतोय, वास असा की चढ विसरावा, आणि मागं चुलवाणात एक माणूस वाळलेली चिपाडं घालतोय, न थांबता, हातानं मूठ मूठ आत ढकलत. धुराडं काय फार उंच नसतं. उन्हात तो धूर सरळ वर जाऊन विरतो, पण थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड, वर ऊबदार थर झाकणासारखा, धूर वर जाऊच शकत नाही. मी एकदा प्रयाग चिखलीच्या बाजूला उभा राहून बघितलंय, उसाच्या शेंड्याच्या जरा वर धुराची एक पांढरी चादर सपाट अंथरलेली, नदीपर्यंत, आणि आमचा ग्रुप रांगेनं त्यात शिरतोय, "काय भारी धुकं पडलंय" म्हणत फोटो काढतोय. त्यात धुकं किती आणि धूर किती ते घशाला कळत होतं.

आणि ही ॲलर्जी नाहीच. धुरानं आतलं अस्तर चरचरतं, सुजतं, म्हणून ॲलर्जीची गोळी घेऊन काही होत नाही, मी दोन महिने गिळल्या, डायरीत काडीचा फरक नाही. इथं उपाय उलटा: जानेवारी-फेब्रुवारीत उशिरा निघा, साडेआठ-नऊला, ऊन चढून झाकण फुटल्यावर. नोव्हेंबरात पहाट, जानेवारीत ऊन. मी वर्षभर एकच टाइमटेबल पाळत होतो आणि दोन्हीकडं मार खात होतो. ज्यांची ड्युटी नऊला असते त्यांनी जानेवारीत मधले दिवस घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) नाहीतर संध्याकाळी पाचला, आणि सुट्टीला लांब राईड, माझं तेच चाललंय.

गुऱ्हाळवाल्यांना शिव्या घालायला हे लिहित नाही, गूळ मीही खातो, राईडनंतर काकवी-भाकरी तर स्वर्ग आहे. वेळ बदलायची, एवढंच आपल्या हातात आहे.

तिसरा: ते थेंब

ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन लिहिलेलं असतं बाटलीवर. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून झटक्यात मोकळं. पण तीन ते पाच दिवसांच्या वर घातले की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत थेंब, परत सूज. मी शेवटी ईएनटीकडं गेलो तेव्हा मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"थेंब कुठले घालताय?"
सांगितलं.
"किती दिवस?"
"दिवस नाही, असतील दोन-अडीच महिने."
मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग आता तुमचं नाक ॲलर्जीनं बंद नाही, थेंबांनी बंद आहे."

सोडताना आठवडाभर रात्री बसून काढल्या. त्यांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला आणि एका नाकपुडीतले थेंब आधी, दुसरीतले नंतर असं सोडायला लावलं, त्यामुळं निदान एका बाजूनं श्वास चालू. तर बाटली घरात असेल तर आजच बघा किती दिवस झाले.

औषधांबद्दल, मी डॉक्टर नाही, मला काय सांगितलं आणि मला काय अनुभव आला एवढंच. स्टिरॉइडचा स्प्रे म्हटल्यावर घरात रणकंदन झालं, आई म्हणाली अंग सुजंल, हाडं जातील. गोळ्या आणि नाकातला फवारा यात फार फरक आहे, फवाऱ्यातलं औषध बहुतेक जागच्या जागी काम करतं, रक्तात लई थोडं जातं. फक्त तो थेंबांसारखा दोन मिनटात काही करत नाही, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून बऱ्याच जणांचा "मी मारला एकदा, काय उपयोग नाही" असा सूर असतो. सीझनच्या आधी दोन आठवडे सुरू करायचा, रोज, राईड असो नसो. मी घटस्थापनेच्या आधी सुरू करतो, लक्षात राहायला सोपं. मारायची पण पद्धत आहे: मान मागं नाही, किंचित पुढं, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, तोंड बाहेरच्या बाजूला म्हणजे कानाकडं, मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. आणि जोरात सुरका मारायचा नाही, नाहीतर सगळं घशात, जिभेला कडवट लागलं की समजायचं वाया गेलं.

ॲलर्जीच्या गोळ्यांमध्ये लिव्होसेट्रिझीन मला झोप आणते. रात्री घेतली तरी सकाळी पापण्या जड. पन्हाळ्यावरनं उतरताना वाघबीळच्या वळणावर एकदा ब्रेकला हात जायला अर्धा सेकंद उशीर झाला, समोरनं एसटी, त्या दिवसापासनं बंद. डॉक्टरांना सांगून फेक्सोफेनाडीन घेतो, त्यानं झोप फारशी येत नाही, पण त्याची एक गंमत आहे, संत्री-सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, पाण्याबरोबरच घ्यायची. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या पांढऱ्या औषधाबरोबर पण नाही, आणि राईडनंतर मिसळ, मिसळीनंतर ते पांढरं औषध हा तर आपला ठरलेला कार्यक्रम, तेव्हा दोन्हीत अंतर ठेवा. मेडिकलमध्ये सर्रास माँटेलुकास्ट मिसळलेली गोळी हातात देतात, ती स्वतःच्या मनानं महिनोन्महिने खाऊ नका, झोप, मूड, वाईट विचार यावर त्याचे परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली तिच्यावर सगळ्यात कडक इशारा टाकलाय.

आता बिनपैशाचे उपाय, आणि खरं सांगू का, माझा निम्मा त्रास यांनीच गेला.

डायरीत एक गोष्ट डोकं खात होती, रविवारी सकाळी राईडला नाक दोन, आणि रात्री अंथरुणात पाच. घरात काय आहे? तर हेल्मेट पलंगाच्या वरच्या खुंटीला, जर्सी दाराच्या मागं "अजून एकदा चालंल" म्हणून, आणि मी अंघोळ करताना डोकं धूत नव्हतो, थंडीत कोण धुणार. केसात, दाढीत, भुवयांत बसलेले कण उशीवर, आणि उशीवर नाक आठ तास. आता आल्या आल्या बाथरूम, डोक्यावरनं पाणी, कपडे थेट बादलीत, हेल्मेट-बूट बाहेर जिन्यात. हेल्मेटच्या आतले पॅड काढून आठवड्यातनं एकदा धुतो, पहिल्यांदा धुतले तेव्हा पाणी चहासारखं निघालं. पावसाळ्यात तेच पॅड ओले राहिले की बुरशी धरतात, ती पण ॲलर्जीचीच मावशी, जुलैत डोक्याला घातल्या घातल्या शिंका येत असतील तर तिथं वास घेऊन बघा. आणि धुतलेली जर्सी सीझनमध्ये गच्चीवर वाळत घालू नका, शेजारी काँग्रेसचा प्लॉट असेल तर धुतली काय नि न धुतली काय.

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, जलनेती म्हणा. राईडवरनं आलो की हे सगळ्यात आधी. अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याला जरा कमी, चुरचुरलं तर प्रमाण चुकलंय. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं, बोअरचं थेट अजिबात नाही, त्यात क्वचित असा अमीबा असतो जो पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातनं मेंदूत जाऊ शकतो. नाक धुवायचं, दहा-पंधरा मिनटं थांबायचं, मग स्प्रे. उलटं केलं तर स्प्रे मोरीत.

चष्मा पूर्ण झाकणारा, बाजूनं वारा न येणारा, पहाटेसाठी पांढऱ्या काचेचा. यानं डोळ्यांचा त्रास निम्म्यावर आला, डोळ्यात घालायचे थेंब लागलेच नाहीत परत. बफबद्दल (गळ्यातनं नाकावर ओढायचं नळीसारखं कापड) दोन मतं ऐकाल, दोन्ही खरी आहेत: गवताचे कण वीस-चाळीस मायक्रॉनचे, ते दुहेरी बफ बऱ्यापैकी अडवतो, धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, ते कापडातनं आरपार. म्हणून नोव्हेंबरात बफ, जानेवारीत बफचा उपयोग फक्त नाक गरम ठेवायला. एन-९५ घालून सपाटीला जमतं, चढाला घामानं भिजला की जीव घाबरा होतो, मी नाद सोडला. निघताना नाकपुडीच्या आत कडंला बोटानं व्हॅसलीनचा पातळ हात फिरवतो, थोडे कण तिथंच चिकटतात. ग्लोव्हजनं नाक पुसायचं बंद केलंय, जर्सीच्या खिशात साधा सुती रुमाल, तो पण रोज वेगळा.

मधाचं खूप ऐकलं, स्थानिक मध खा म्हणजे सवय होते. मधमाशी बसते रंगीत फुलांवर, आणि आपल्याला त्रास गवताचा, ज्यावर तिला फारसं काम नाही. मध खा, चांगला लागतो, बाकी अपेक्षा ठेवू नका. वाफेनं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पातेल्यावर वाकून भाजून घेऊ नका.

उतारावर शिंक येतीय असं वाटलं की पॅडल थांबवा, दोन्ही हात हँडलवर, बोटं ब्रेकवर पण दाबायची नाहीत, वळण असेल तर आधीच स्पीड कमी करा. शिंकताना डोळे मिटतात आणि हात आपोआप आवळले जातात, पुढचा ब्रेक कचकन लागला की बाजार उठला.

एक गोष्ट मात्र घरच्या घरी करू नका. छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, बोलताना वाक्य पुरं न होणं, राईड थांबवल्यावर पाच-दहा मिनटांनी खोकल्याची उबळ, रात्री खोकल्यानं जाग, यातलं काही असेल तर सरळ डॉक्टर. मला मॅडमनी नळीत फुंकायला लावलं, मग दम्याचा पंप (इनहेलर) देऊन परत फुंकायला लावलं, दोन्हीत फरक निघाला, म्हणजे थोडा दमा आहे. म्हणाल्या नाक आणि छाती एकाच घराच्या दोन खोल्या आहेत, पुढच्या खोलीत भांडण लागलं की आवाज मागं जाणारच. आता पंप जर्सीच्या खिशात असतो, ट्यूबच्या शेजारी. काही लाज नाही त्यात. आमच्या ग्रुपमध्ये सांगितलं तर अजून दोघांनी खिशातनं काढून दाखवला, इतकी वर्षं एकमेकांपासनं लपवत होतो.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी आभाळ भरून आलं, गार वारा सुटला की आपल्याला सायकल काढायची हुक्की येते, मातीचा वास काय, मला पण येते. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या पहिल्या वाऱ्या-वादळाच्या अर्ध्या तासात घरात थांबा. ओलाव्यानं परागकण फुटतात, बारीक तुकडे होतात, आणि ते नाकात न अडकता खोल छातीत जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये एका वादळानंतर हजारो लोक दवाखान्यात गेलते आणि दहा जण दगावले, त्यातल्या बऱ्याच जणांना आधी फक्त शिंकांचाच त्रास होता. पाऊस तासभर पडून गेला की मग खुशाल काढा.

माझी सध्याची स्थिती: गेल्या दसऱ्याला नाक दोनच्या वर गेलं नाही, संक्रांतीला छाती एक-दोन. फेब्रुवारीत आठ-दहा दिवस अजून काहीतरी आहे जे मला सापडलेलं नाही, तेव्हा आंबे मोहरात असतात, पण मोहराखाली उभं राहून बघितलं, काही झालं नाही, म्हणजे परत गुलमोहरासारखी चुकीच्या झाडावर केस नको. यंदा टोचून बघायची ॲलर्जी टेस्ट करून घेणार आहे. तिच्या आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर रिझल्ट खोटा येतो, म्हणून सीझन संपल्यावर एप्रिलची तारीख घेतलीय. तो आठवडा गोळीशिवाय काढायचाय, सायकल ट्रेनरवर लावून ठेवणार, आणि बायकोला आत्ताच सांगितलंय, बोक्याचा आवाज आला तर सहन कर.